उद्याचा पहिला डबा

गिरणी बंद केली तरी कानात ती चालूच राहते. बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही, पण ज्यानं दिवसभर पट्ट्याच्या फटफटीत आणि दगडांच्या घरघरीत उभं राहून काढलंय, त्याला विचारा. बटन खाली केलं, मोटार थांबली, पट्टा दोन-चार फेरे मारून गप झाला, तरी डोक्यात अर्धा तास घर्र घर्र होत राहतं. नवी होते तेव्हा मी जेवायला बसल्यावरही ओरडून बोलायची. आमचे हे म्हणायचे, "हळू बोल व. मी काय तिकडं रिठद गावाले बसलो हाय?"

हे लिहायला बसवलं माझ्या भाचीनं. रेखा पुण्याला ऑफिसात आहे. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा सांगत होती की मावशी, कॉम्प्युटर बंद केला तरी काम डोक्यात चालूच असतं, झोप म्हणून लागत नाही. फोनवर लोक सांगतात सकाळी उठून असं करा, संध्याकाळी वहीत तसं लिहा. त्याचं तिनं एक ॲपही घेतलंय. ते ॲप म्हणे रोज ठरल्या वेळी वाजतं आणि सांगतं, आता शांत व्हा. मला आधी हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. पोरगी बारीक झालीय. "तू कसा संपवतेस गं तुझा दिवस?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "बाई, माहा दिवस संपवाले मले कुंचा लागते." ती म्हणाली, मावशी, हेच लिहून काढ. तर लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं लिहिणं मी डब्यांच्या झाकणावर खडूनं नावं लिहून शिकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तुमचं तुम्ही पाहून घ्या.

आमची गिरणी कामरगावात, जीपा उभ्या राहतात त्याच्या मागच्या गल्लीत. मी ती चालवायला कोणाकडं शिकले नाही. ह्यांची कंबर धरली, कामाला ठेवलेला माणूस न सांगता गेला, आणि सकाळी दारात डब्यांची रांग. हे आतून खाटेवरून सांगायचे, मी बाहेर करायची. साडीवर ह्यांचा जुना शर्ट चढवला, पदर शर्टाच्या आत खोचला, कारण पट्ट्यानं एकदा पदराचं टोक धरलं तर तो सोडत नाही. तोच माझा गणवेश झाला. अजूनही लग्नाकार्यात मला साध्या साडीत पाहून बाया ओळखत नाहीत.

काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपं वाटतं. वरून धान्य टाका, खालून पीठ घ्या. पण आत दोन दगड असतात, एक बसलेला आणि एक फिरणारा. त्यांच्यातलं अंतर बाहेरच्या चाकानं कमी-जास्त करायचं. अंतर जास्त झालं तर भरडा पडतो, कमी झालं तर पीठ करपतं आणि भाकरी थापताना तुटते. हे अंतर कुठं लिहिलेलं नसतं. खाली पडणारं पीठ चिमटीत धरून पाहायचं आणि दगडाचा आवाज ऐकायचा. ज्वारीचा आवाज भरलेला येतो, गव्हाचा जरा तेलकट, हरभऱ्याची डाळ टाकली की नुसती कुरकूर. डोळे मिटून उभी राहिले तरी मी सांगते आत काय आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. गिरणीच्या पोटात, कोपऱ्यात, पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचं ओंजळ-दोन ओंजळ पीठ राहतंच. पुढच्या माणसाच्या डब्यात ते जातं. सगळ्यांना हे ठाऊक आहे, कोणी मनावर घेत नाही. पण बाजरीवर गहू टाकला तर पोळी काळपट होते, बेसनावर टाकला तर पिवळी होते. म्हणून गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी. म्हणजे रांग आधी येणाऱ्याची नाही, धान्याची. माझ्या सगळ्या कामाची अक्कल काय ती एवढीच. आलेला डबा उचलून लगेच ओतायचा नाही. आधी सगळे डबे पाहायचे, झाकणावर नाव आणि धान्य लिहायचं, सारख्याला सारखं लावायचं, मगच मोटार चालू करायची. ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण त्यानं दिवसाचे दोन तास वाचतात.

यावरून भांडणंही व्हायची. आमच्याकडं एक रिटायर गुरुजी येत. सगळ्यांच्या आधी डबा आणायचे आणि तो नेमका बाजरीचा.

"माहा नंबर पयला हाय."

"गुरुजी, तुमच्यामांगं सात जणींचे गहू हायेत. तुमची बाजरी आधी टाकली तर सात घरी काळ्या पोळ्या होतीन."

"होऊ दे न. नंबर म्हंजे नंबर."

"मंग त्या सात घरी तुमीच सांगून या."

गुरुजी पोत्यावर बसून राहिले, पेपर तोंडापुढं धरून. पुढच्या खेपेला मी पाहते तर ते दारातच उभे. येणाऱ्या बाईला विचारताहेत, "काय हाय? गहू? तिकडच्या रांगेत. तुह्यी जवारी? इकडं." चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, त्याला रांग मिळाली की बरं वाटलं. मग ते गावात असेपर्यंत माझं हे काम त्यांनीच केलं, आणि स्वतःची बाजरी शेवटी टाकली.

आता बंद करण्याचं सांगते. दिवेलागणीला मी नवा डबा घेत नाही. हा नियम करायला सोपा आणि पाळायला फार अवघड, कारण कमळाबाई. ही आमच्याच गल्लीतली. दिवसभर दारात बसून असते आणि माझा हात बटनावर गेला की हिला दळण आठवतं.

"दोन मिनिटाचं तं काम हाय व."

"तुह्यी दोन मिनिटं, मांगून येनारीची दोन मिनिटं. मी इथीच निजू काय?"

"मंग पोराले उपाशी ठेवू?"

"तुह्या पोराले मिशा आल्या, कमळा. त्याले सांग दुपारी डबा आनून ठेवाले."

मग मी आमच्या घरातली दोन वाट्या कणीक तिला काढून द्यायची. कणीक देईन, पण मोटार चालू करणार नाही. लोक म्हणायचे बाई हेकट आहे. असू द्या.

मोटार बंद झाली की दगड पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग चाक फिरवून दगड सैल करायचे, रात्रभर एकमेकाला टेकून राहू द्यायचे नाहीत. झाकण उघडून आतलं पीठ कुंच्यानं काढायचं, कोपरे फडक्यानं पुसायचे, कापडी नळी सोडून बाहेर नेऊन झटकायची. खालचं झाडून काढलेलं पीठ शेळीला. मग उद्याचा पहिला डबा उचलून गिरणीच्या तोंडाशी ठेवायचा. ओतायचा नाही, नुसता ठेवायचा. सकाळी उठल्यावर आज काय आधी करू हा प्रश्न पडत नाही. डोळे अजून उघडायचे असतात आणि हातानं काम सुरू केलेलं असतं.

त्यानंतर हातपाय धुवायचे, भुवयांवरचं पीठ धुवायचं, शर्ट खिळ्याला टांगायचा आणि मागच्या ओट्यावर बसायचं. हे काळा चहा करतात, मी पिते. चहा संपेपर्यंत गिरणीचं नाव काढायचं नाही. काढलं तर त्या रात्रीची भांडी त्यानं घासायची, हा नियम ह्यांचा. पहिल्या वर्षी सगळी भांडी मीच घासली. मग हळूहळू शिकले. कानातली घरघर कमी होत जाते, शेळी रवंथ करते ते ऐकू येतं, जीपवाल्यांची शेवटच्या फेरीची हाक ऐकू येते. त्या अर्ध्या तासात मी काही करत नाही. देवाचंही करत नाही.

हे सगळं मी शहाणपणानं ठरवलं असं तुम्हाला वाटत असेल. नाही. साफ करण्याचं काम आधी मी जमेल तसं करायची, आठवड्यातून दोनदा-तीनदा. रोजचं झालं ते सवितामुळं, आणि तेच सांगायचं आहे.

सविता इथून जीपेनं अर्ध्या तासावरच्या वस्तीतली. थोडं वावर घरचं, बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी. नवरा वर्षातले काही महिने बाहेरगावी कामाला. घरी ही, हिची सासू गयाबाई आणि पाच वर्षांची पोरगी गौरी. एका दुपारी सविता रिकाम्या हातानं आली आणि गिरणीकडं पाहत उभी राहिली.

"काकू, तुमच्या गिरनीत गहू दयता काय?"

"बाई, गव्हाबिगर गिरनी कायची? काहून व?"

तिनं सांगितलं. पोरीचं पोट सारखं फुगायचं, जुलाब व्हायचे, अंगाला काही लागत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. पोळी नाही, बिस्किट नाही, रवा-मैदा नाही, जन्मभर.

"मंग जवारीची भाकर दे न. आपल्याकडं काय कमी हाय जवारीले?"

"जवारीच देतो काकू. सा महिने झाले. तरी मधून मधून पोट बिघडतेच. मंग डाक्टर म्हने, दयता कुठी? गिरनीत गव्हाचं पीठ राह्यलं असन तं तेवढं बी चालत नाई. कणभर बी नाई."

मी गिरणीकडं पाहिलं. इतकी वर्षं जे ओंजळभर पीठ कोणी मनावर घेत नव्हतं, ते एका पोरीच्या पोटात जात होतं. मी तिला म्हटलं, "तू असं कर. डबा आदल्या सांजच्याले आनून देत जा. मी समदी गिरनी खोलून पुसतो. सकाऊन तुह्याच डब्यानं सुरू करतो. तुह्याआधी एक दाना पडनार नाई."

तसं सुरू झालं. दर आठ-दहा दिवसांनी सविता संध्याकाळी डबा ठेवून जायची, दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायची. झाकणावर मी खडूनं मोठं लिहायची, गौरी. त्या दिवशी साफ करताना मी कुंचा, फडकं तर वापरायचीच, वर तोंडानं फुंकर मारून मारून कोपरे काढायची. तीन-चार महिन्यांनी सविता पोरीला घेऊन आली. गाल आले होते. मला म्हणाली, "दाखव गं काकूले." पोरीनं फ्रॉक वर केला आणि पोट दाखवलं, सपाट, साधं पोट. मी कोणाचं पोट पाहून इतकी खूश कधी झाले नव्हते. मला गर्व झाला हेही लिहिते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, डॉक्टरनं औषध दिलं पण पोरगी बरी झाली माझ्या कुंच्यानं.

मग दिवाळीचे दिवस आले. गिरणीवाल्याला दिवाळी म्हणजे काय ते सांगते. चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ, आणि प्रत्येकीचं म्हणणं की माझंच आधी. त्यात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. त्या दिवशी एका घरचं बारशाचं मोठं पोतं आलं, गव्हाचं. दुपारी लाइट नव्हती म्हणून ते राहिलं, आणि मी माझा नियम मोडून दिवे लागल्यावरही मोटार चालू ठेवली. संपलं तेव्हा पायाला गोळे आले होते. गौरीचा डबा संध्याकाळीच येऊन पडला होता. मी तो उचलून सवयीनं गिरणीच्या तोंडाशी ठेवला. दगड सैल केले. कुंचा हातात घेतला, आणि वाटलं, सकाळी करू. सकाळी पाच मिनिटं लवकर उठू.

सकाळी दारात आधीच बाया होत्या. कोणी म्हणालं, लाइट दहाला जाणार आहे. मी शर्ट चढवला, बटन दाबलं आणि तोंडाशी ठेवलेला डबा ओतला. माझ्या हाताला रोजची सवय होती ती एवढीच. साफ करणं हे आदल्या संध्याकाळचं काम, ते सकाळच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

खाली पीठ पडायला लागलं ते जरा जास्तच पिवळसर गोरं. तेव्हा आठवलं.

तिथं थांबायला हवं होतं. डबा परत करायला हवा होता, सवितेला सांगायला हवं होतं की तुझी ज्वारी बिघडवली, माझ्या घरची घे. ते मी केलं नाही. पहिल्या दोन ओंजळी काढून शेळीला टाकल्या, मनाला म्हटलं झालं, निघून गेला गहू. बाया घाई करत होत्या. दुपारी सविता आली, डबा घेऊन गेली. मी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा उतरलेला. पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले होते, थांबेनात, तालुक्याच्या गावी नेऊन सलाइन लावावी लागली. आता घरी आणलं होतं, पण उभं राहवत नव्हतं तिला.

"कशानं झालं?" मी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"कशानं म्हंजे? बुढीनं करंजी देल्ली. दिवाईचं नातीले काई खाऊ घातलं नाई म्हनून जीव तुटे तिचा. मागं एक डाव देल्ला होता पोयीचा तुकडा, तवा मीच पकडलं होतं. आता म्हनते मी नाई देल्लं. पोट्टीची आन घेते, काकू. खोटी आन, अन् ते बी त्याच पोट्टीची."

मी हातातल्या झाकणावरचा खडू पुसत राहिले.

"आता पोट्टीले तिच्यापाशी ठेवत नाई. वावरात सोबत नेतो. हाता-पायात जीव नाई तिच्या, तरी नेतो. धुऱ्यावर झाडाखाली झोपवतो. बुढीले सांगतलं, माह्या पोरीले हात लावजो नोको. ते बी बोलत नाई अन् मी बी बोलत नाई."

मी एक शब्द बोलले नाही. गिरणी चालू होती, मोठा आवाज होता, असं मी नंतर मनाला सांगितलं. खरं म्हणजे गिरणी तेव्हा बंद होती. लाइट गेलेली होती. सविता डबा ठेवून गेली.

त्या संध्याकाळी मी गिरणी दोनदा पुसली. दगड असा पुसला की त्यात तोंड दिसावं. हातपाय धुतले, शर्ट टांगला, ओट्यावर बसले. चहा पुढं तसाच निवला. कानातली घरघर तर थांबलीच नाही, उलट वाढली. अंग ओट्यावर बसलं होतं, पण दिवस काही संपेना. मला सारखी ती म्हातारी दिसत होती. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं, तरी दिसत होती.

हे म्हणाले, "काय झालं?"

"गिरनीचं हाय. बोलता येत नाई."

"भांडे मी घासतो. बोल."

मी सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, पोरगी बरी आहे ना आता. ते म्हणाले, "मंग त्या बुढीनं कवापर्यंत उपाशी राह्यचं?"

"उपाशी काहून?"

"नातीले हात लावू देत नाई म्हनते न. म्हाताऱ्या माणसाले दुसरं जेवन काय असते?"

सकाळी मी गौरीचं दळण केलं आणि गिरणीला कुलूप लावलं. बाया म्हणाल्या कुठी चालली व, रांग तं पाह्य. मी म्हटलं गावाला चालले, दुपारी येते. डबा मांडीवर घेऊन जीपेत बसले.

सविता घरीच होती, पोरीला ताप होता म्हणून. पोरगी आत निजलेली. गयाबाई अंगणात दुसऱ्या टोकाला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, पाठ फिरवून. मी डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगितलं गेलं नसतं. म्हटलं, "सविता, करंजी नोती. माह्यं पीठ होतं. त्या सांजच्याले मी गिरनी पुसली नाई. गव्हावर तुह्यी जवारी टाकली."

सवितानं डबा उचलून बाजूला ठेवला. मग विचारलं, "कवा समजलं तुमाले?"

"पीठ पडतानीच."

"अन् काल मी तुमच्या दारात बोलली, तवा?"

"तवा बी ठाऊक होतं."

ती उठली आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथंच उभी. तेवढ्यात मागून गयाबाईचा आवाज आला.

"काय म्हनली व तू बाई?"

मी तिच्याजवळ गेले, पुन्हा सांगितलं.

"मले कमी आयकू येते. जोरानं सांग."

मी जोरानं सांगितलं.

"अजून जोरानं. ते शेजारची रखमा हाय न, तिच्या भिताडाकडं तोंड करून सांग. आठ दिस झाले, समद्या वस्तीत मी नातीले मारनारी झाली."

मी भिंतीकडं तोंड करून सांगितलं. रखमा आणि तिची जाऊ दोघी भिंतीवरून डोकावल्या, त्यांनाही सांगितलं. पिठाच्या गिरणीवाली बाई वस्तीच्या मधोमध उभी राहून ओरडून सांगते आहे की चूक माझी. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "आता बस. उन्हाची आली." आणि शेंगांचं टोपलं माझ्याकडं सरकवलं. मी सोलायला बसले. तिला चांगलं ऐकू येत होतं हे मला तेव्हा कळलं.

आवाजानं पोरगी उठली होती. ती बाहेर आली, उंबऱ्यात थांबली. आजीकडं पाहिलं, मग मागं वळून आईकडं पाहिलं. गयाबाईच्या हातात सोललेले तुरीचे हिरवे दाणे होते. तिनं हात अर्धा पुढं केला आणि तसाच ठेवला.

आतून सविता म्हणाली, "दे न. मी काय नाई म्हनली?"

पोरगी आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि एकेक दाणा खायला लागली. मी निघाले तेव्हा सविता काही बाहेर आली नाही.

त्यानंतर सविता गिरणीवर आलीच नाही. जीप चालवणारा राजू त्याच वस्तीतला, त्याच्याकडून कळायचं. सासू-सून दोघी घरच्या जात्यावर दळतात, एका खुंट्याला दोन हात. पोरगी बरी आहे. मला बरंही वाटायचं आणि बोचायचंही. मी तेव्हापासून रोज गिरणी खोलून पुसायला लागले, गौरीचा डबा असो की नसो. त्या पोरीसारखी अजून कोणाची असेल, मला काय ठाऊक? आणि दुसरं म्हणजे, सकाळच्या हातावर आता माझा भरवसा राहिला नव्हता. जे संध्याकाळचं आहे ते संध्याकाळीच झालं पाहिजे. दिवाळी असो, बारसं असो, पायात गोळे येवोत. दमलेलं माणूस सकाळी करू म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, पण सकाळी उठतं ते वेगळंच माणूस असतं.

उन्हाळा लागला तेव्हा एका संध्याकाळी मी झाकण उघडून आत वाकले होते, तर मागं सविता. डबा कमरेवर.

"बुढीचे खांदे गेले," ती म्हणाली. एवढंच.

"ठेव तिथी."

"ठेवत नाई. मी बसतो. तुमी पुसा."

ती पोत्यावर बसली आणि पाहत राहिली. मी कुंचा फिरवला, फडकं फिरवलं, नळी झटकली. ती उठून आत वाकली, बोट फिरवलं, बोट मला दाखवलं. पांढरं.

"हा कोपरा राह्यला."

मी पुन्हा पुसलं. तिनं पुन्हा बोट फिरवलं. तीनदा झालं तसं. मला राग आला नाही हे मी खरं सांगते. इतकी वर्षं त्या गिरणीत मी एकटी वाकत होते. कोणी शेजारी वाकलं की काम हलकं होतं, ते बोट चुका काढणारं असलं तरी. मग ती समोर बसून असताना मी डबा तोंडाशी ठेवला. ती शेवटची जीप पकडून गेली.

असं पुढं वर्षभर चाललं. दर आठ-दहा दिवसांनी ती संध्याकाळी यायची, बसायची, बोट फिरवायची. हळूहळू दुसरा कुंचा तिनंच हातात घेतला. बोलायचो फार नाही. कधी ती गौरी शाळेत काय शिकली ते सांगायची, कधी सासूच्या खांद्याचं. ह्यांनी चहा आणला की एक कप जास्त आणायचे. तिनं तो कधी घेतला, कधी नाही घेतला. त्या दिवसाबद्दल ती एकदाही बोलली नाही आणि मीही काढलं नाही. माफ केलं का, असं मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतंच.

या पावसाळ्यात, पोळा होऊन गेला होता, संध्याकाळी मी तिची वाट पाहत होते. तिचा दिवस होता. वेळ झाली, ती आली नाही. मी म्हटलं जात्यावर बसल्या असतील पुन्हा, किंवा पोरीला काही झालं. हातात कुंचा, पण वाकायला मन होईना. तेवढ्यात राजू डबा खांद्यावर घेऊन गल्लीत शिरला. त्यानं तो दारात ठेवला आणि वळला.

"राजू, सविता कुठी हाय? पोट्टी बरी हाय न?"

"बरी हाय. तिघी जनी घरी हायेत. सवितानं डबा देल्ला जीपेत."

"काई निरोप देल्ला काय?"

"निरोप कायचा काकू? डबा देल्ला न."

तो गेला. मी झाकणावर खडूनं गौरी लिहिलं, मोटारीचं बटन बंद आहे ना ते पाहिलं, आणि गिरणीचं झाकण उघडून, ती बोट फिरवायची त्याच कोपऱ्यापासून पुसायला लागले.